मिठाची हवा आणि मुलाम्याची तार

पावसाळ्यात कोकणपट्टीतल्या स्वयंपाकघरात मिठाची बरणी ओलसर होते, हे घरोघरी ठाऊक असते. हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून घेते आणि त्यात स्वतःच विरघळू लागते. भिंतीवर टांगलेल्या इलेक्ट्रिक गिटारच्या तारांवर हेच घडत असते. वाजवून झाल्यावर घामातले पाणी उडून जाते, मीठ तारेवर राहते. पुण्याच्या कोरड्या हिवाळ्यात ते निमूट बसून असते. मुंबई, रत्नागिरी किंवा पणजीच्या जुलैत रात्रभर पाणी धरून ठेवते. ओले मीठ आणि पोलाद एकत्र आले की गंज ठरलेला. किनारपट्टीवर पुष्कळ तारा अशाच, नुसत्या टांगल्या टांगल्या खराब होतात.

मुलामा दिलेल्या, म्हणजे कोटेड तारांसाठी साध्या सेटच्या दुप्पट-अडीचपट पैसे मोजावेत का, हा प्रश्न गिटार शिकणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी पडतो. त्याचे उत्तर शोधायचे तर आधी तार कशी बनलेली असते ते पाहायला हवे.

इलेक्ट्रिक गिटारवादकांत सर्वांत रुळलेला सेट म्हणजे ‘दहा-शेहेचाळीस’. कॅलिफोर्नियातल्या एर्नी बॉल यांनी 1962 साली हलक्या तारांचे ‘स्लिंकी’ सेट बाजारात आणले, त्यातल्या ‘रेग्युलर स्लिंकी’चे माप हेच. आकडे इंचाच्या हजाराव्या भागात असतात: सर्वांत बारीक तार पाव मिलिमीटर जाडीची, सर्वांत जाड सुमारे 1.17 मिलिमीटरची. नेहमीच्या सुरावर लावल्या की सहा तारांचा मिळून ताण जवळजवळ 47 किलो भरतो. वरच्या सुरांच्या तीन तारा साध्या पोलादाच्या. त्यांवर कथलाचा पातळ थर असतो. तांब्याच्या भांड्यांना करतात ती कल्हईच ही, फक्त कारखान्यातली. खालच्या तीन तारांत षटकोनी पोलादी गाभा असतो आणि त्याभोवती निकेलचा थर दिलेली पोलादी तार गुंडाळलेली असते.

या गुंडाळीच्या वेढ्यांमधल्या खाचा हेच तारेचे मर्मस्थान. कातडीचा तेलकटपणा, मेलेली त्वचा, धूळ, सगळे तिथे जाऊन बसते. त्या मळाने तारेचे उंच उपस्वर दबतात आणि नव्या तारेची खणखणीत झळाळी जाऊन आवाज बसका होतो. मळ सगळीकडे सारखा साचत नाही. त्यामुळे तारेचे वजन जागोजागी कमी-जास्त होते आणि गळ्यावर वरच्या फ्रेटला सूर किंचित हलतो. ट्यूनर बरोबर दाखवतो आणि कॉर्ड मात्र बेसूर लागते, त्याचे एक कारण हे असते. बेसवादक जुन्या तारा उकळत्या पाण्यात टाकून काढतात आणि काही दिवस त्यांत जीव येतो. त्यांचा आवाज बसवण्यात मळाचा किती मोठा हात असतो, ते यावरून कळते.

हा मळ खाचांत शिरूच द्यायचा नाही, या कल्पनेचा प्रवास मोठा रंजक आहे. अमेरिकेतल्या गोर कंपनीत बॉब गोर यांनी 1969 साली तापवलेली टेफ्लॉनची कांडी हळूहळू ताणण्याऐवजी एका हिसक्यात ओढली. ती मूळ लांबीच्या कितीतरी पट ताणली गेली आणि सूक्ष्म छिद्रांचा, मजबूत असा नवा पदार्थ हाती आला. रेनकोटचे ‘गोरटेक्स’ कापड त्यातूनच झाले. पुढे याच कंपनीच्या अॅरिझोनातल्या फ्लॅगस्टाफ कारखान्यात डेव्ह मायर्स हे अभियंते काम करत होते. हृदयात बसवायच्या वैद्यकीय वस्तू हे त्यांचे नेमून दिलेले काम. हाताशी मिळणाऱ्या मोकळ्या वेळात त्यांनी आपल्या सायकलच्या गिअर-केबलींना अशाच पदार्थाचा थर दिला आणि तिथून त्यांचे लक्ष गिटारच्या तारांकडे वळले. मग गिटार वाजवणारा एक सहकारी सोबत आला, दात साफ करायचा गोरचा ‘ग्लाइड’ दोरा बाजारात आणण्याचा अनुभव असलेला आणखी एक आला. काही वर्षांच्या खटपटीनंतर 1997 साली ‘एलिक्सिर’ या नावाने तारा विक्रीला आल्या.

सुरुवातीचा थर जाडसर होता. तो हाताला गुळगुळीत लागे, पण पिकचा मार बसतो त्या जागी कालांतराने त्याचे पांढरे तंतू सुटत. नंतर ‘नॅनोवेब’ आणि ‘ऑप्टिवेब’ असे पातळ थर निघाले. डॅडारिओ, एर्नी बॉल या कंपन्यांनीही आपापले प्रकार आणले. डॅडारिओच्या जुन्या ‘ईएक्सपी’ मालिकेत गुंडाळायच्या तारेलाच आधी लेप देत. एलिक्सिरचा पापुद्रा गुंडाळून झालेल्या तारेवरून येतो आणि खाचाही झाकतो.

इलेक्ट्रिक गिटारच्या बाबतीत एक शंका नेहमी येते: थर असताना पिकअपला तार ‘ऐकू’ येईल का? येते. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे. चुंबकाच्या क्षेत्रात पोलाद कंप पावले की वेटोळ्यात वीज निर्माण होते. टेफ्लॉनचा थर त्याच्या आड येत नाही. थराचा परिणाम होतो तो कंपनावर. थोडे वजन वाढते, थोडा लवचिक अडसर येतो, आणि जाड थर असेल तर कडक, चमकदार आवाज पहिल्या दिवसापासूनच जरा मऊ लागतो. अॅम्प्लिफायरवर भरपूर डिस्टॉर्शन लावून वाजवणाऱ्याला हा फरक ओळखू येणे अवघड. स्वच्छ आवाजात वाजवणाऱ्याला तो कळतो.

खरी मेख मात्र वरच्या तीन तारांची आहे. त्या गुंडाळलेल्या नसतात, त्यामुळे त्यांच्यात मळ साचायला खाचाच नाहीत. त्यांचा शत्रू गंज. आणि पाकिटावर ‘कोटेड’ छापलेले असले तरी या तीन तारांवर तोच लेप असेलच असे नाही. एलिक्सिर साध्या तारांना गंजरोधक धातूचा थर देते, डॅडारिओच्या ‘एक्सएस’मध्ये साध्या तारांवरही बहुवारिकाचा लेप असतो. किनारपट्टीवर राहणाऱ्याने पाकिटाची मागची बाजू वाचावी ती यासाठी. पैसे सहा तारांचे जातात. मग संरक्षण तीनच तारांना का मिळावे?

आता हिशेब. समजा साधा सेट 600 रुपयांना आणि मुलाम्याचा 1500ला मिळाला, तर महाग सेट अडीचपट काळ ताजा राहिला की खर्च बरोबरीत येतो. रोज तासभर वाजवून महिन्याला तारा बदलणाऱ्याला तो अडीच महिने टिकायला हवा. घाम फार येणाऱ्या हातांना, दमट घरात, हे सहज साधते असे मानायला वाव आहे. पण जोरकस बेंड घेणाऱ्याची पहिली तार ब्रिजवरच्या सॅडलपाशी तुटते आणि तिथे लेपाचा काही उपयोग नाही. दर पंधरवड्याला तार तोडणाऱ्याने महाग सेट घेणे म्हणजे पैसे पाण्यात.

कष्टाचाही हिशेब धरावा. फ्लॉइड रोझ पद्धतीच्या ब्रिजवर तार बदलायची म्हणजे तिच्या टोकाचा गोळा पक्कडीने कापायचा, पेच सोडवायचे, नवी तार अडकवायची आणि तारांचा ताण मागच्या स्प्रिंगांशी पुन्हा जुळवत बसायचे. अशी गिटार असेल तर दीर्घायुषी तारांना मोजलेले पैसे सार्थकी लागतात. मोठ्या दौऱ्यांवर तंत्रज्ञ जवळजवळ प्रत्येक कार्यक्रमाआधी तारा बदलतात, तिथे अशा तारांची गरज कमी.

काहींना तर जुना आवाजच हवा असतो. मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या असंख्य गाण्यांत बेस वाजवणारे जेम्स जेमरसन आपल्या फेंडर प्रिसिजनवरच्या जाड, सपाट गुंडाळीच्या तारा तुटेपर्यंत बदलत नसत. त्यांचा तो गोल, ठोस सूर अशा मुरलेल्या तारांचाच होता.

आपल्याकडचे सतारवादक डबीत खोबरेल तेलाचा कापूस ठेवतात, बोटे मिंडेत सहज सरकावीत म्हणून. तो उपाय गिटारवर करू नये. सतारीची बाजाची तार साधी असते. गिटारच्या गुंडाळलेल्या तारांच्या खाचांत तेल जाऊन बसते आणि आवाज आणखीच बसतो. कोरडा सुती रुमाल मात्र कुठल्याही तारेला लाभतो, तारेच्या खालून फिरवला तर जास्तच.

खरेदी करताना दुकान ओळखीचे असावे, कारण नामांकित तारांची नक्कल सर्रास होते. डॅडारिओच्या पाकिटात खरेपणा तपासण्यासाठी वेगळा क्रमांक छापलेला असतो. तो संकेतस्थळावर टाकून पाहावा. मग एका पावसाळ्यात दोन्ही प्रकार आलटून पालटून लावावेत. सेट चढवला त्या दिवशी एकच रिफ, तोच अॅम्प, तेच बटण त्याच खुणेवर ठेवून मोबाइलवर रेकॉर्ड करावा, आणि दर आठवड्याला तसाच पुन्हा. ज्या आठवड्यात पहिल्या आणि आताच्या रेकॉर्डिंगमधला फरक डोळे मिटूनही कळेल, तो कितवा आठवडा ते पाकिटावर लिहून ठेवावे. दोन पाकिटांवरचे दोन आकडे शेजारी ठेवले की आपल्या हातांपुरता हिशेब समोर येतो.