आराखड्याविना गोधडी

देवगड तालुक्यातल्या मिठबावसारख्या किनाऱ्यावरच्या गावात गोधडी शिवायचे दिवस शिमगा सरल्यापासून मृग लागेपर्यंतचे. पाऊस सुरू झाला की जाड सुती कापड दिवसचे दिवस सुकत नाही आणि खळ्यात बसायची सोयही जाते. जुनी लुगडी आधी धुऊन कडकडीत वाळवायची. खाली सलग लुगडं, मध्ये फाटक्या धोतरांचे नि चादरींचे थर, वर पुन्हा लुगडं. कडा कच्च्या दोऱ्याने धरायच्या, मग धावदोरा घालत आत यायचं.

वरचं कापड जिथे विरलंय तिथे ठिगळ. कुठलं, केवढं, कुठल्या रंगाचं, हे आधी ठरत नाही. सासूच्या हिरव्या लुगड्याला मुलाच्या शाळेची खाकी चड्डी भिडते. ती शोभत नसेल तर मध्ये लाल काठाची पट्टी येते. याला नुसती काटकसर म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. जमिनीच्या, पैशाच्या, सोयरिकीच्या बोलण्यात जिला कुणी विचारलं नाही, ती इथे कुणालाच न विचारता रंग ठरवत होती. दुपारची जेवणं आटोपून शेजारीण दुसऱ्या कडेला बसली, की तिचा टाका वेगळा पडे आणि तो तसाच राही. तान्ह्याचं दुपटं मात्र आजीच्या सगळ्यात विरलेल्या लुगड्याचं, कारण मऊपणा त्यातच.

गोव्यापलीकडे उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ-यल्लापूरच्या रानात, सिद्दी बायका ‘कवंदी’ ही अशीच गोधडी शिवतात. त्यांच्या पूर्वजांपैकी अनेकांना पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलं होतं. कवंदी कोपऱ्यापासून सुरू होते, कडेकडेने फिरत मध्यावर संपते, आणि चारी कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाची ‘फुला’ लागल्याशिवाय पुरी होत नाही. अमेरिकेत अलाबामातल्या जीज बेंडच्या कृष्णवर्णीय बायकांनी शेतावरच्या झिजलेल्या कपड्यांतून अशाच मनाने रजया शिवल्या. 2002 साली त्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात लागल्या, 2006 साली टपाल तिकिटांवर आल्या. आपल्याकडची गोधडी मात्र वळकटीतच राहिली. तिच्यावर शिवणारीचं नाव नसतं. घरातल्या बायका टाका पाहून ते सांगत.

आता नऊवारी सुती लुगडं नेसणाऱ्या म्हाताऱ्या थोड्या उरल्या. घरात साठतात त्या पॉलिएस्टरच्या साड्या: घाम न टिपणाऱ्या, शिवताना हातातून सटकणाऱ्या. तरी बायका त्याही वापरतात. आत मिळेल ते सुती, वर झगझगीत साडी. रंग उडत नाही, कापड लवकर फाटत नाही, फक्त रात्री गोधडी अंगावरून घसरते.