खवला सांगतो माशाचं कूळ

मुलांनो, यवतमाळ जिल्ह्यात वणीजवळ राजूर नावाचं गाव आहे. कोळशाच्या खाणीचं आणि चुन्याच्या भट्ट्यांचं गाव. इथून मुंबईचा समुद्र सरळ रेषेत मोजला तरी सहाशे किलोमीटरहून लांब! मग राजूरच्या मुलांनी समुद्रातल्या माशांची ओळख कशाला करून घ्यायची, असं तुम्ही म्हणाल.

जरा थांबा. राजूरच्या भट्ट्यांत जी चुनखडी भाजली गेली, ती एका फार जुन्या समुद्राच्या तळाशी साचलेली आहे. पण तिच्यात माशाचा खवला शोधत बसू नका बरं का! तो समुद्र होता तेव्हा पृथ्वीवर मासेच जन्मले नव्हते. राजूरचा कोळसा त्याच्या कितीतरी नंतरचा, दलदलीत गाडल्या गेलेल्या झाडांचा.

मग या भागात माशांचे खवले दगडात मिळालेच नाहीत का? मिळाले ना! राजूरहून फार लांबही नाही. ते कुठे, हे सांगण्याआधी एक कोडं घालतो. समजा, तुमच्या हाती नखाएवढा एक खवला आला. मासा नाही, काटा नाही, शेपूट नाही. मासा कोणता, हे कसं ओळखाल?

स्वित्झर्लंडच्या लुई अगासी या शास्त्रज्ञाला हाच प्रश्न पडला होता. दगडात सापडलेल्या माशांवर त्याने १८३३ ते १८४३ अशी दहा वर्षं ग्रंथ लिहिले आणि खवल्यांच्या आकारावरून माशांचे चार गट पाडले. ते आपणही पाहू.

पहिला गट दातांसारख्या खवल्यांचा. मुशी म्हणजे लहान शार्क. तिच्या अंगावरून डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवला तर गुळगुळीत लागतं. उलटा फिरवला की थेट पॉलिशपेपर! कारण तिचा प्रत्येक खवला म्हणजे मागे झुकलेला बारीकसा दातच असतो. पूर्वी सुतार लाकूड घासायला शार्कचं कातडं वापरत.

दुसरा गट गोल, गुळगुळीत कडेच्या खवल्यांचा. समुद्रातली तारली आणि आपल्याकडचे रोहू, कटला या गटातले. पापलेटचे खवलेही असेच, पण अगदी बारीक आणि हात लागताच गळणारे.

तिसरा गट कंगव्यासारख्या खवल्यांचा. याची एक कड बारीक दात्यांची असते. तांबोशी किंवा जिताड्याचा खवला बोटावर घासून पाहिला की ती कड खरखरीत लागते.

चौथा गट सगळ्यात देखणा. शंकरपाळ्यासारखा चौकोनी, जाड, वरून चिनी मातीच्या बशीसारखा चकचकीत! असे खवले घराच्या कौलांसारखे एकमेकांना लागून बसतात. आज असे मासे थोडेच उरले आहेत. अमेरिकेतल्या नद्यांमधला लांब तोंडाचा गार मासा त्यांपैकी एक.

आणि खवले नसलेले मासे? तेही आहेत. समुद्रातली वाम आणि गोड्या पाण्यातला मांगूर यांचं अंग उघडंच. बोंबलाची तर गंमतच! त्याचं पुढचं अंग उघडं आणि शेपटीकडच्या भागावर तेवढे नाजूक खवले.

आता कोड्याचं उत्तर. राजूरहून वर्धा नदी ओलांडली की चंद्रपूर जिल्हा लागतो. तिथे वरोऱ्याजवळ डोंगरगाव आहे. जवळच्याच पिसदुऱ्याला डायनोसॉरची हाडं सापडली, आणि डोंगरगावच्या थरांत मासे! हे थर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. लंडनच्या संग्रहालयातले आर्थर स्मिथ वुडवर्ड यांनी १९०८ मध्ये या माशांचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्यांत कोण निघावं? चक्क गारचा भाईबंद! त्याच्या नावात त्यांनी 'इंडिकस', म्हणजे भारताचा, असा शब्द घातला. जो मासा आज फक्त अमेरिका खंडात आणि क्युबात राहतो, त्याचे नातलग एकेकाळी आपल्या विदर्भात पोहत होते! मध्य भारतात पुढे अनेक ठिकाणी असे शंकरपाळी खवले सापडले.

मग काय, इथे समुद्र होता? घाई करू नका. गार बहुधा गोड्या पाण्यात राहतो, पण अधूनमधून खाऱ्या पाण्यातही शिरतो. म्हणजे त्याचा एकटा खवला समुद्राची साक्ष देऊ शकत नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी त्याच थरांतले शंखशिंपले आणि मातीही तपासली. डोंगरगावला तळं होतं, असं ती सांगते.

खवल्याच्या साक्षीला आणखीही मर्यादा आहेत. काही चपट्या माशांत नराचे खवले दातेरी आणि मादीचे गुळगुळीत असतात! एकाच माशाच्या पाठीवरचा आणि पोटाजवळचा खवला वेगळा दिसतो. म्हणून खवला आधी कूळ सांगतो. नेमकी जात ठरवायची तर तो अंगावर कुठला, अंगाच्या मधल्या रेषेवर असे किती, हेही पाहावं लागतं. त्या रेषेवरच्या खवल्याला बारीक नळी असते.

आता तुमची पाळी! घरी मासे खात नसाल तरी हरकत नाही. बाजारातल्या मासेवाल्या काकूंकडे दोन-चार जातींचे खवले मागा, मासा कोणता तेही विचारून घ्या. खवले साबणाच्या पाण्यात धुवा, पुसा आणि भिंगाखाली धरा. झाडाच्या खोडात असतात तशी वर्तुळं दिसतील. मासा वाढतो तसा खवलाही वाढतो, त्याच्या या खुणा. थंड देशांत हिवाळ्यात वाढ मंदावते, म्हणून वर्तुळं जवळजवळ येतात आणि त्यांवरून माशाचं वय मोजता येतं. आपल्या उबदार समुद्रात तो हिशेब तितका सोपा नाही.

वहीत खवला चिकटवा. खाली माशाचं नाव, जागा आणि तारीख लिहा. आणि कधी दगडात चकचकीत शंकरपाळं दिसलं, तर ते उकरून खिशात टाकू नका. जागा नीट लिहून ठेवा आणि शाळेत बाईंना किंवा सरांना दाखवायला न्या. जागेवरून हलला की खवल्याची अर्धी साक्ष गेलीच म्हणून समजा!