बोर्ड खराब नाही, पोर्ट अडला आहे

विज्ञान प्रदर्शन जवळ आले की सोलापुरात आठवी-नववीच्या मुलामुलींच्या दप्तरांत आर्डुइनो बोर्ड दिसू लागतात. मूळ आर्डुइनो इटलीतला. मुलांना परवडतात त्या त्याच्या स्वस्त नकला. त्यांतल्या बऱ्याच बोर्डांवर कॉम्प्युटरशी बोलणारी सीएच३४० ही चिनी चिप असते. घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर मोफत मिळणारे उबंटू घातलेले असते आणि ऐन वेळी पोर्टच दिसत नाही. ‘पैसे वाया गेले’ म्हणत घरचे दुसरा बोर्ड आणतात. चिप तीच असल्याने तोही तसाच ‘खराब’ निघतो. म्हणून आधी तीन गोष्टी पाहा.

पहिली, केबल. काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात. बोर्डावरचा दिवा लागतो, पण माहिती जात नाही. दुसरी केबल लावून बघा.

दुसरी, परवानगी. टर्मिनलमध्ये ‘सुडो’ आणि जागा सोडून डी-एम-ई-एस-जी ही अक्षरे इंग्रजीत सलग टाइप करा. शेवटच्या ओळींत ‘टीटीवाययूएसबी०’ दिसले, तर कॉम्प्युटरने बोर्ड ओळखला. वेगळा ड्रायव्हर लागत नाही. तो लिनक्समध्येच असतो. मात्र हा पोर्ट ‘डायलआउट’ गटातल्यांनाच वापरता येतो. मुलाचे खाते त्या गटात घाला, लॉगआउट करून पुन्हा लॉगइन करा.

तिसरी, ओळखीची गल्लत. पोर्ट येतो आणि लगेच ‘डिस्कनेक्टेड’ होतो, शेजारी बी-आर-एल-टी-टी-वाय अशी अक्षरे दिसतात. २०२२ च्या उबंटू २२.०४ मध्ये ही अडचण पुष्कळांना आली. हा प्रोग्राम अंधांची ब्रेल उपकरणे चालवतो. अशा एका उपकरणाचा ओळख क्रमांक आणि या चिपचा क्रमांक एकच, १ए८६:७५२३. बोर्डालाच ब्रेल यंत्र समजून प्रोग्राम पोर्ट ताब्यात घेतो. ‘सुडो एपीटी रिमूव्ह’पुढे तीच अक्षरे लिहून तो काढला आणि केबल पुन्हा जोडली की काम होते.

पण थांबा. त्या कॉम्प्युटरवर कोणी ब्रेल वापरत असेल, तर तो प्रोग्राम काढू नका. तो त्या माणसाचा हक्क आहे. नियमांच्या फाइलमधली या क्रमांकाची ओळ तेवढी जाणत्याकडून बंद करून घ्या. त्याचेच उपकरण या क्रमांकाचे असेल, तर बोर्ड दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा.

लिनक्सचे मराठी धडे आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमात मोफत मिळतात. मुलामुलींना ते जरूर दाखवा. कॉम्प्युटर काय सांगतो ते वाचायची सवय लागली, तर पुढचा बिघाड ती स्वतःच शोधतील.