जेजुरीची साधी इंग्रजी

कोल्हापूर जिल्ह्यातल्या गारगोटीत १९५२ साली जे. पी. नाईकांनी मौनी विद्यापीठाचा पाया घातला, तो खेड्यातल्या मुलाला शिकण्यासाठी शहर गाठावं लागू नये म्हणून. सत्तर वर्षांत ते बरंचसं साधलं. इंग्रजीचा धसका मात्र गेला नाही. इंग्रजीत साहित्य लिहायचं तर कोशातले वजनदार शब्द हवेत आणि वाक्य लांबलचक हवं, हा समज गारगोटीतच काय, पुण्या-मुंबईतही पक्का आहे. तो खोडून काढणारा पुरावा कोल्हापूरनेच दिला आहे. कवी अरुण कोलटकर इथले, राजाराम हायस्कूलमध्ये मराठी माध्यमात शिकलेले. त्यांची इंग्रजी कवितामाला ‘जेजुरी’ १९७४ मध्ये ‘ओपिनियन लिटररी क्वार्टर्ली’त आली, १९७६ मध्ये ‘क्लिअरिंग हाऊस’ने तिचं पुस्तक केलं आणि १९७७ मध्ये तिला राष्ट्रकुल काव्यपुरस्कार मिळाला. दार, पायरी, कुत्री, म्हातारी, रेल्वेचं वेळापत्रक असा तिचा ऐवज. शब्द बहुतेक शाळकरी पोराला कळणारे. हा साधेपणा शब्द अपुरे पडले म्हणून आलेला नाही. मराठीत हाच कवी भाषेला हवं तसं वाकवत होता, ‘मैं मैनेजर को बोला’सारख्या कवितेत मुंबईची हिंदी वापरत होता. एवढा भाषाखेळ हाताशी असताना त्याने इंग्रजीत कमी बोलायचं ठरवलं. त्यामागे त्याच्या जाहिरातीच्या व्यवसायातली काटकसर असेलही. पण निवड कवीची.

यावर जुना आक्षेप भालचंद्र नेमाड्यांचा. त्यांच्या मते हा कवी जेजुरीत शनिवार-रविवारच्या पर्यटकासारखा वावरतो, आणि इंग्रजीमुळे श्रद्धा त्याच्या हाती लागत नाही. आक्षेपात तथ्य आहे: भक्ताची जवळीक या कवितेत नाहीच. पण देवळात जाऊन देव न सापडणं हाच तिचा विषय असेल, तर अंतर राखणारी भाषा तिथे दोष कशी ठरते? मराठीत आपण नकळत भक्तीच्या वळणाने बोलू लागतो. इंग्रजीत ती सवय आड येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त व्यावहारिक: कोलटकरांचे मित्रच नियतकालिकं चालवत, गारगोटीच्या पोराला दार कोण उघडणार? खरं आहे, ‘क्लिअरिंग हाऊस’ चार कवींनी मिळून काढलं आणि त्यांपैकी एक स्वतः कोलटकर. पण ही दारंही काही भक्कम नव्हती. ‘जेजुरी’तली एक कविता आधी ‘डायोनिसियस’ नावाच्या अल्पजीवी नियतकालिकात आली होती. पण तिथल्या संपादकाकडून अख्ख्या ‘जेजुरी’चं हस्तलिखितच गहाळ झालं आणि कवीला ते पुन्हा लिहावं लागलं. म्हणजे ओळख असूनही ही गत. आज संपादकाचा ईमेल पत्ता कुणालाही मिळतो आणि प्रत पाठवणाऱ्याजवळ आपोआप राहते. नकार मात्र तेव्हाइतकाच येणार, आणि तो इंग्रजी साधी होती म्हणून आला असं धरून पुढच्या वेळी कोश उघडण्याचं कारण नाही.