८.७ की १.४? 'नज'वर संशोधन करायच्या आधी हे दोन आकडे बघा

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी माझा आराखडा घेऊन गाईडकडे गेले. विषय एकदम आवडीचा होता. सरकारी पत्राची भाषा बदलली तर लोक वेळेवर कर भरतात का? प्रत्येक गटात चारशे माणसं घेईन, असं लिहिलं होतं. मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "चारशेच का?" मी म्हटलं, "पेपरांमध्ये साधारण एवढीच असतात." तुमचंही उत्तर हेच असेल, तर पुढचं जरा नीट वाचा.

आधी थोडी पार्श्वभूमी. रिचर्ड थेलर आणि कॅस सनस्टीन यांचं 'नज' हे पुस्तक २००८ साली आलं. नज म्हणजे कोपराने हळूच ढोसणं. सक्ती नाही, दंड नाही, पैशाचं मोठं आमिष नाही. फक्त पर्याय मांडायची पद्धत बदलायची. फॉर्म सोपा करा, मुदतीआधी मेसेज पाठवा, 'तुमच्या भागातल्या बहुतेकांनी कर भरला आहे' असं पत्रात लिहा. २०१० मध्ये ब्रिटन सरकारने यासाठी वेगळी टीम उभी केली. पुढे इतर देशांतही अशी 'नज युनिट्स' निघाली. खर्च नगण्य आणि पेपरांमधले परिणाम दणदणीत, मग कोणाला नको?

पण प्रत्यक्ष सरकारी कामात तेवढा परिणाम दिसतो का? स्टेफानो डेलाविन्या आणि एलिझाबेथ लिनोस यांनी हेच तपासलं. त्यांचा पेपर २०२२ मध्ये 'इकॉनोमेट्रिका'त आला. अमेरिकेतल्या दोन नज युनिट्सनी केलेले प्रयोग त्यांनी घेतले, आणि त्यात फसलेले, कुठेही न छापलेले प्रयोगही होते. एकूण १२६ प्रयोग, २.३ कोटी लोक. जर्नलमध्ये छापलेल्या प्रयोगांत नजमुळे शंभरामागे सरासरी ८.७ माणसं वाढली होती. नज युनिट्सच्या प्रयोगांत वाढली फक्त १.४.

एवढा फरक का? सरकारी लोकांना काम जमत नाही म्हणून? नाही. नजचे प्रकार दोन्हीकडे थोडे वेगळे होते हे खरं, पण फरकाचा मोठा वाटा छपाईच्या गाळणीचा आहे. समजा खरा परिणाम लहान आहे आणि तुमचं सॅम्पलही लहान आहे. मग निकाल 'सिग्निफिकंट' यायला तो नशिबाने फुगावाच लागतो. फुगलेला निकाल छापून येतो, बाकीचे कपाटात पडून राहतात. आपण वाचतो ते फक्त फुगलेले.

आता हिशेब करून बघू. समजा एरवी १७ टक्के लोक प्रतिसाद देतात. ८.७ ची वाढ पकडायला (पॉवर ८० टक्के, सिग्निफिकन्स ५ टक्के) प्रत्येक गटात साधारण ३५० माणसं पुरतात. १.४ ची वाढ पकडायची असेल तर? जवळपास ११,७०० लागतात! म्हणजे माझ्या चारशे माणसांत नज खरोखर चालली असती, तरी बहुधा मला काहीच दिसलं नसतं. वर 'नजचा उपयोग नाही' असा निष्कर्ष काढून मी मोकळी झाले असते.

आता तुम्ही म्हणाल, १.४ साठी एवढी धडपड कशाला? पत्र तर तसंही जाणारच असतं. त्यातली दोन वाक्यं बदलून लाख लोकांमागे १,४०० जण वाढले, तर ते जवळजवळ फुकटात झालं. फक्त त्याला चमत्कार म्हणू नका.

म्हणून आराखडा लिहिताना तीन गोष्टी करा. एक, 'पेपरात किती परिणाम आला' याऐवजी 'किती लहान परिणामही धोरणाच्या कामाचा आहे' हे ठरवा आणि त्यावरून सॅम्पल काढा. दोन, प्रयोगाची आधीच नोंदणी करा, म्हणजे शून्य निकालही लपवता येणार नाही. तीन, तेवढी माणसं मिळणार नसतील तर प्रश्नच बदला. लोक नेमके कुठे अडकतात, कागदपत्रांत, रांगेत की पत्रच न मिळाल्यामुळे, हे खोलात जाऊन शोधणं हेही संशोधनच आहे.

मी दुसऱ्यांदा मॅडमकडे गेले तेव्हा विषय तोच होता. चारशेचा आकडा मात्र खोडला होता, आणि शेजारी पूर्ण हिशेब लिहिला होता. तुमच्या आराखड्यात जो आकडा आहे, तो कुठून आला? आज एकदा तपासाच.