विश्लेषण : बर्फातल्या ट्रेकमध्ये जीव कशामुळे धोक्यात येतो?

नाताळची सुट्टी आली की पुण्या-मुंबईतून अनेक तरुण डेहराडूनची वाट धरतात. तिथून सांकरी आणि पुढे केदारकंठा. उत्तरकाशी जिल्ह्यातले सुमारे ३,८०० मीटर उंचीचे हे शिखर हिवाळी ट्रेकसाठी देशभर लोकप्रिय आहे. ‘नवख्यांनाही जमेल’ अशी त्याची ख्याती असल्याने अनेकांचा बर्फाशी पहिला परिचय इथेच होतो. पण सह्याद्रीत कमावलेला दम आणि सवयी इथे पुरतात का?

सह्याद्रीपेक्षा हिमालय वेगळा कसा?

राज्यातले सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचे. सांकरी हे पायथ्याचे गावच सुमारे १,९५० मीटरवर आहे. म्हणजे केदारकंठ्याचा ट्रेक जिथे सुरू होतो, ती जागाच कळसूबाईच्या माथ्यापेक्षा उंच. तिथून शिखरापर्यंतची चढाई सुमारे १,८५० मीटरची आणि ती साधारण तीन दिवसांत होते. दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. त्यामुळे सांकरीत शून्य अंश असेल तर शिखरावर उणे १२च्या आसपास, आणि वारा सुटला तर अंगाला ते त्याहून बरेच कमी जाणवते. शिखरावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास दोन तृतीयांशच उरतो आणि त्याच प्रमाणात प्रत्येक श्वासातून मिळणारा ऑक्सिजनही घटतो. सह्याद्रीत चुकले तर खाली गाव दिसते, तहान-भूक सोसून रात्र काढता येते. बर्फात भिजलेल्या कपड्यांनी काढलेली एक रात्रही जिवावर बेतू शकते.

थंडी शरीराचे नेमके काय करते?

शरीराचे आतले तापमान ३५ अंशांच्या खाली गेले की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. त्यासाठी हिमवादळच हवे असे नाही. चढताना आलेला घाम, वितळलेला बर्फ आणि वारा एवढे पुरते. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता ओढून घेते, म्हणून ओला सुती टी-शर्ट हा बर्फातला मोठा शत्रू. ‘थंडी वाजतेय तर जास्त कपडे घाला’ हा सल्ला त्यामुळे अर्धाच बरोबर आहे. चालताना एखादा थर उतरवायचा, घाम येऊ द्यायचा नाही आणि थांबल्याबरोबर तो पुन्हा चढवायचा, ही खरी पद्धत.

सुरुवातीला कुडकुडायला होते. मग माणूस अडखळतो, बोलणे जड होते, हातमोज्याची चेन लावता येत नाही, तो चिडचिडा किंवा गप्प होतो. पुढच्या टप्प्यात कुडकुडणे थांबते. सोबत्यांना वाटते, आता बरे वाटतेय. प्रत्यक्षात तापमान परत वर नेण्याची शरीराची ताकद संपत आलेली असते. काही जण तर या अवस्थेत गरम होतेय म्हणून कपडे काढू लागतात. अशा माणसाला स्वतःची अवस्था कळत नाही. ती सोबत्यांनीच ओळखायची असते. त्याला वाऱ्यापासून आडोसा द्यावा, ओले कपडे बदलावेत, जमिनीपासून वेगळे ठेवणाऱ्या मॅटवर झोपवून स्लीपिंग बॅगमध्ये गुंडाळावे. शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तरच गरम, गोड पेय द्यावे. दारू कधीच नाही. दारूने त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, ऊब वाटते आणि आतली उष्णता अधिक वेगाने बाहेर जाते.

बोटे, नाक, कान बधिर होऊन पांढरट पडले तर तो हिमदंश. तिथे बर्फ चोळणे किंवा शेकोटीवर धरणे, दोन्ही घातक. बधिर त्वचेला चटका कळत नाही. तो भाग कोमट पाण्यात गरम करतात, पण पुन्हा गोठण्याची शक्यता असेल तर तेही सुरक्षित जागी पोहोचल्यावरच.

डोकेदुखी म्हणजे थकवाच का?

साधारण २,५०० मीटरच्या वर डोके दुखणे, मळमळ, भूक मरणे, झोप न लागणे ही विरळ हवेच्या त्रासाची लक्षणे असू शकतात. तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा वैद्यकीय संकेत आहे. सुट्टीच्या दिवसांत बसवलेल्या कार्यक्रमात तो नेहमी पाळला जातोच असे नाही. तंदुरुस्तीचा इथे भरवसा धरता येत नाही. मॅरेथॉन धावणाऱ्यालाही हा त्रास होऊ शकतो. नियम साधा आहे : लक्षणे असताना आणखी वर जायचे नाही. बसल्या जागी धाप लागणे, तोल जाणे, असंबद्ध बोलणे दिसले तर रात्र असली तरी सोबत घेऊन खाली उतरवायचे. डायमॉक्ससारखी गोळी घ्यायची की नाही, हे घरून निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून ठरवावे.

हिमस्खलनाचा धोका कुठे असतो?

साधारण ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर तो सर्वाधिक असतो. ताज्या मोठ्या हिमवृष्टीनंतरचा पहिला-दुसरा दिवस विशेष धोक्याचा. नवा थर जुन्या थराला धड चिकटलेला नसतो आणि माणसाच्या वजनानेही तो सुटू शकतो. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी द्रौपदी का डांडा-२ या शिखरावर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची प्रशिक्षण तुकडी हिमस्खलनात सापडली. २७ मृतदेह मिळाले, दोघे बेपत्ता राहिले. प्रशिक्षकांसोबत असलेल्या तुकडीवर ही वेळ येते, तिथे केवळ नशिबावर हवाला ठेवून चालत नाही. गाडल्या गेलेल्या माणसासाठी पहिली दहा-पंधरा मिनिटेच मोलाची असतात. बाहेरची मदत तेवढ्यात पोहोचत नाही. म्हणून भारतीय हवामान विभागाचा अंदाज आणि चंडीगडच्या डीजीआरई या संरक्षण संशोधन संस्थेचा हिमस्खलन इशारा आधीच पाहायचा असतो.

सोबत काय असावे?

घाम शोषून लगेच वाळणारा आतला थर, त्यावर लोकरीचा किंवा फ्लीसचा, बाहेर वारा-पाणी अडवणारे जॅकेट. कोरड्या मोज्यांचा एक जोड फक्त झोपण्यासाठी राखावा. बर्फ सूर्याच्या अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परावर्तित करतो, त्यामुळे ढगाळ दिवशीही काळा चष्मा काढू नये. बाटली उलटी ठेवावी. पाणी वरून गोठते, त्यामुळे झाकण मोकळे राहते. बॅटऱ्या थंडीत झपाट्याने उतरतात, मोबाइल आतल्या खिशात ठेवावा. बुटांना मायक्रोस्पाइक लावलेले असताना उतारावर बसून घसरू नये. दाते बर्फात अडकून घोटा मोडतो. तंबूत स्टोव्ह किंवा शेगडी पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

माघारी कधी फिरायचे?

जून २०२४मध्ये सहस्रताल ट्रेकवर २२ जणांचा गट परतताना हिमवादळात सापडला. रात्र उघड्यावर काढावी लागली आणि ९ जणांचा मृत्यू झाला. तो महिना जूनचा होता, हे विशेष. उंचावर उशीर आणि बिघडलेले हवामान एकत्र आले की चांगला गटही हतबल होतो. म्हणून परतण्याची वेळ पायथ्याशीच ठरवतात. ती झाली की शिखर शंभर मीटरवर असले तरी वळायचे. वर गेल्यावर हा निर्णय अवघड होतो, कारण तोवर पैसे, रजा आणि आठवडाभराचे श्रम खर्ची पडलेले असतात.

पैसे भरण्यापूर्वी आयोजकाला चार प्रश्न विचारावेत. एका गाइडमागे किती जण? सोबत ऑक्सिजन आणि प्रथमोपचार जाणणारा माणूस आहे का? आजारी पडलेल्याला खाली कोण, कसे नेणार? आणि हवामान बिघडले म्हणून या मोसमात शिखर सोडून किती वेळा परतलात? शेवटच्या प्रश्नाला ‘एकदाही नाही’ असे उत्तर अभिमानाने मिळाले, तर दुसरा आयोजक शोधावा.