मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतरच्या रात्री

मेंदूवरील शस्त्रक्रिया पार पडली, टाके निघाले, रुग्ण घरी गेला, की रुग्णालयाच्या दप्तरी ते प्रकरण पूर्ण होते. त्यानंतर नातेवाईकांचे जे दूरध्वनी येतात, ते बहुधा गाठीविषयी नसतात. रात्रीतून पाच-सहा वेळा उठावे लागते, अंथरूण ओले होते, रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही आणि दिवसा मात्र रुग्ण झोपून असतो, अशा त्या तक्रारी असतात. बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांसमोर त्या संकोचामुळे उच्चारल्या जात नाहीत. सुनेने सासऱ्यांविषयी हे बोलावे तरी कसे? म्हणून आमच्या शल्यविशारदांकडून व परिचारिकांकडून समजून घेतलेली माहिती या अहवालात देत आहोत.

प्रौढ व्यक्तीच्या मूत्राशयात साधारणतः ४०० ते ५०० मिलिलिटर लघवी मावते. ते निम्मे भरण्याआधीच पहिली जाणीव होते. मूत्राशय रिकामे करण्याची आज्ञा मेंदूच्या देठातील एका केंद्राकडून सुटते, तर 'आत्ता नको, थांब' हा लगाम कपाळामागील भागाच्या, म्हणजे फ्रंटल लोबच्या हाती असतो. तेथे गाठ, रक्तस्राव किंवा सूज असल्यास लगाम सैल होतो. रुग्णाला एकाएकी घाई होते आणि शौचालयापर्यंत पोहोचण्यापूर्वीच कपडे ओले होतात. यात रुग्णाचा हट्ट नाही की निष्काळजीपणा नाही, हे घरातील लहानथोरांना आवर्जून सांगावे. पुष्कळ रुग्णांत सूज ओसरल्यावर हा त्रास हळूहळू कमी होतो.

तोवर घड्याळाचा आधार घ्यावा. रुग्ण जागा असताना, इच्छा असो वा नसो, दर दोन तासांनी त्यास लघवीस न्यावे. लघवी होते म्हणून पाणीच तोडणे ही मात्र घराघरांतून आढळणारी घातक समजूत आहे. लघवी दाट होऊन मूत्राशयाची आग वाढते, जंतुसंसर्ग बळावतो आणि बद्धकोष्ठ झाल्यास लघवी अडते ती वेगळीच. डॉक्टरांनी प्रमाण ठरवून दिले नसेल तर दिवसा भरपूर पाणी द्यावे. सायंकाळनंतर ते कमी करावे व चहा टाळावा. सतत थेंब थेंब गळत असेल, तर मूत्राशय रिकामे होत नसून तुडुंब भरून वाहत असण्याची शक्यता असते. सोनोग्राफीने आत किती लघवी उरते ते लगेच कळते. डायपर बांधून हा प्रश्न सुटत नाही.

पीयूषिका ग्रंथीजवळील शस्त्रक्रियेनंतरची गोष्ट निराळी आहे. तेथे लघवी रोखून धरणारे संप्रेरक कमी पडल्यास दिवसाला तीन लिटरहून अधिक, पाण्यासारखी स्वच्छ लघवी होते आणि तहान भागत नाही. यास डायबिटीस इन्सिपिडस म्हणतात. २०२२ साली त्यास नवे शास्त्रीय नावही सुचविले गेले. नावात डायबिटीस असले तरी साखरेशी याचा संबंध नाही. अशा रुग्णाचे पाणी तोडू नये, त्याच दिवशी रुग्णालयाशी संपर्क साधावा. यावर डेस्मोप्रेसिन हे औषध मिळते. परंतु ते चालू असताना अति पाणी प्यायल्यास रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरते. म्हणून डॉक्टरांनी सांगितलेली रक्ततपासणी चुकवू नये.

झोपेचे अर्धे दुखणे पुष्कळदा औषधांच्या पुडीतच सापडते. सूज उतरविण्यासाठी दिले जाणारे डेक्सामेथासोन झोप उडवते, शिवाय रक्तातील साखर वाढवून लघवीही वाढवते. ते सकाळी व दुपारच्या आत घेता येईल काय, हे डॉक्टरांना विचारावे. स्वतःहून मात्र ते कदापि बंद करू नये. अतिदक्षता विभागातील अखंड प्रकाशात दिवसरात्रीचे भान हरपते, तेव्हा घरी सकाळी रुग्णास उजेडात बसवावे, दुपारची झोप अर्ध्या तासावर जाऊ देऊ नये. शेजाऱ्याची झोपेची गोळी देऊ नये; त्या गुंगीत रुग्ण लघवीस उठतो आणि पडतो. तसेच, रुग्ण उठवूनही उठत नसेल, डोकेदुखी वा उलट्या असतील, तर ती झोप नसून मेंदूवरील दाब वाढल्याची खूण असू शकते. अशा वेळी सकाळची वाट न पाहता रुग्णालयात आणावे.

आता थोडे व्यवहाराचे. खाटेशेजारी ठेवलेली कमोड खुर्ची, युरिन पॉट, रबरी चादर व मंद दिवा एवढ्या सामग्रीने एखाद्या कुटुंबाची रात्र सुसह्य होते. आमच्या रुग्णोपयोगी साहित्य विभागातून यांपैकी कमोड खुर्च्या अनामत रकमेवर विनाभाडे दिल्या जातात व त्याच सर्वांत आधी संपतात. यंत्रसामग्रीसाठी देणगी मिळविणे आम्हांस तुलनेने सोपे जाते. कमोड खुर्चीवर आपल्या मातापित्यांचे नाव कोरण्यास कोणी उत्सुक नसते, हेही स्वाभाविकच. ज्या देणगीदारांना नामफलकाविना साहाय्य करावयाचे आहे, त्यांनी पावतीवर 'रुग्णोपयोगी साहित्य' असा उल्लेख करावा. ज्यांच्या घरी खुर्ची वापराविना पडून असेल, त्यांनी ती परत करून अनामत रक्कम घेऊन जावी.